सहा महिन्यांनी काय बिघडतं? सिकलसेल आणि बीसीएल११ए नावाचं प्रथिन

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या पट्ट्यातल्या आशाताईंना एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. बाळ जन्मलं तेव्हा अगदी चांगलं होतं, अंगावर पीत होतं, बाळसंही धरलं होतं. मग सात-आठ महिन्यांचं झालं आणि एके दिवशी हातापायांचे पंजे सुजले, हात लावू देईना, रात्रभर रडलं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी बडव्याकडे, म्हणजे भगताकडे नेतं, कुणी म्हणतं वरचं दूध सुरू केलं त्याचा हा परिणाम. घरच्यांनी काढलेलं कारण चुकतं, पण त्यांचं निरीक्षण बरोबर असतं. सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार, असलेलं मूल पहिले सहा महिने खरोखरच जवळपास ठणठणीत असतं. आजार जन्मापासून आहे, रक्तात आहे, जनुकात आहे, तरी तो सहा महिने दिसत नाही.

या सहा महिन्यांचा हिशेब लावता लावता शास्त्रज्ञ बीसीएल११ए नावाच्या प्रथिनापर्यंत पोचले. आज सिकलसेलवरच्या नव्या उपचारांपैकी बऱ्याच उपचारांचा रोख या एका प्रथिनावर आहे. गंमत म्हणजे, त्यात बिघाड काहीच नाही. सिकलसेलच्या रुग्णातही ते आपलं काम चोख करत असतं. ते इतकं चोख काम करतं, हीच इथली अडचण.

आधी बिघडलेलं प्रथिन कोणतं ते पाहू. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं, एका पेशीत साधारण २७ कोटी रेणू. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं एकापुढे एक ओवलेली असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन आलं की झालं सिकल हिमोग्लोबिन. १४६ मधली ही एकच जागा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की हा आजार म्हणजे एका रेणूतला बिघाड आहे, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. एखाद्या आजाराचं मूळ इतक्या बारकाईने सापडल्याची वैद्यकाच्या इतिहासातली ही पहिली घटना. असं असूनही त्या शोधावर उभा राहिलेला औषधोपचार रुग्णापर्यंत यायला चाळीस-पन्नास वर्षं गेली, हेही लक्षात ठेवायला हवं.

व्हॅलिनला पाणी नकोसं असतं. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते आणि हे व्हॅलिन तिच्यात जाऊन बसतं. रेणूला रेणू चिकटतो, त्यांचे लांब ताठ धागे बनतात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढचं रक्त थांबतं आणि हाडं फोडल्यासारखी दुखू लागतात. यालाच आपल्याकडे दवाखान्यात क्रायसिस म्हणतात. शिवाय एरवी १२० दिवस जगणारी तांबडी पेशी इथे दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून डोळे पिवळे आणि रक्त कायम कमी. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं आणि अंगमेहनत यांनी क्रायसिस ओढवतो. दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेल्या मजुराच्या वाट्याला यातलं काय येत नाही? पहाटेच्या गारठ्यात फडात उतरायचं, दुपारपर्यंत मोळ्या वाहायच्या, आणि पाणी पिणार ते ट्रक भरल्यावर.

सातपुड्याच्या कुशीतल्या भिल्ल, पावरा, मावची या समाजांत हे जनुक बऱ्याच जणांत आहे. कारण सर्वांना माहीत असतं तसं मलेरिया. आई-बापांपैकी एकाकडूनच जनुक आलं तर माणूस ‘वाहक’ होतो, एएस पॅटर्नचा. त्याला सहसा त्रास होत नाही आणि मलेरियाच्या घातक रूपापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. पिढ्यान् पिढ्या मलेरियाच्या जंगलात हे जनुक टिकून राहिलं ते यामुळे. दोन्हीकडून आलं तर मूल एसएस, म्हणजे सिकलसेलग्रस्त. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक.

आता त्या सहा महिन्यांकडे येऊ. पोटातलं बाळ बीटा साखळी फारशी वापरतच नाही. तिच्या जागी ते गॅमा नावाची साखळी बनवतं. दोन अल्फा आणि दोन गॅमा मिळून होतं ते गर्भातलं हिमोग्लोबिन, डॉक्टरी भाषेत एचबीएफ. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायला ते जास्त सोयीचं. जन्मानंतर गॅमाचं उत्पादन घटत जातं, बीटाचं वाढत जातं आणि सहा महिन्यांत पारडं उलटतं. मोठ्या माणसात एचबीएफ साधारण एक टक्काच उरतं. सिकलसेलचा बिघाड बीटात आहे, गॅमात नाही, त्यामुळे गॅमा चालू आहे तोवर बाळ सुखरूप. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी हा अंदाज १९४८ मध्येच बांधला होता, पॉलिंग यांच्याही आधी. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वात देखणा भाग वाटतो. हातात ना जनुक वाचायचं यंत्र, ना काही. तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी कमी का, एवढंच त्यांनी स्वतःला विचारलं.

एचबीएफ नुसतं सिकल हिमोग्लोबिनची जागा घेतं असं नाही. गॅमा साखळीची बांधणी अशी आहे की ती त्या ताठ धाग्यात सामावतच नाही. ज्या पेशीत एचबीएफ भरपूर, तिथे धागा वाढण्याआधीच अडतो. काही कुटुंबांत मोठेपणीही एचबीएफ खूप राहतं, जन्मजातच तसं. अशा माणसाला सिकलचं जनुक मिळालं तरी त्याचं फार बिघडत नाही. भारतातल्या सिकलसेल रुग्णांतही आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा एचबीएफ सरासरीने जास्त सापडतं. जमैकात आयुष्यभर सिकलसेलवर काम केलेले ग्रॅहम सर्जंट आणि ओडिशातले डॉक्टर यांनी १९८६ मध्ये हे मांडलं. त्यावरून ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ असं म्हणायची पद्धत पडली. धडगावच्या दवाखान्यात एखादी रात्र काढलेला माणूस हे वाक्य इतक्या सहज बोलणार नाही. सरासरी सौम्य असेलही, पण खाटेवर पडलेलं पोरगं सरासरी नसतं.

म्हणजे उपाय तर समोर होता. बंद झालेली गॅमा साखळी पुन्हा चालू करायची. पण तिला बंद कोण करतं?

धुळे-साक्रीकडच्या वाचकांना पांझरेवरची फड पद्धत माहीत असेल. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटावरून चाऱ्या फुटतात आणि कुठल्या फडाला पाणी कधी सोडायचं ते पाटकरी बघतो. अकराव्या गुणसूत्रावर गॅमा आणि बीटा ही जनुकं अशीच एका पाटावर ओळीने बसलेली आहेत. वरच्या अंगाला एक जोरदार नियंत्रण-भाग आहे. तो एका वेळी मुख्यतः एकाच जनुकाला जोर देऊ शकतो. गॅमाची चारी उघडी असली की जोर तिकडे जातो, ती बुजवली की बीटाकडे वळतो. जन्मानंतर गॅमाची चारी बुजवणारा पाटकरी म्हणजे बीसीएल११ए. गॅमा जनुक जिथून वाचायला सुरुवात होते, त्याच्या डीएनएची ११५ अक्षरं आधी सहा अक्षरांची एक ओळ आहे. हे प्रथिन ती ओळ ओळखून तिथे बसतं आणि वाचन थांबवतं. जन्मजात जास्त एचबीएफ असणाऱ्या काही कुटुंबांत नेमकं तिथलंच अक्षर बदललेलं सापडलं. पाटकऱ्याला बसायला जागाच नाही, म्हणून चारी उघडी.

हे प्रथिन सापडलं तेही मजेशीर रीतीने. त्याचा रक्ताच्या कर्करोगाशी आणि पांढऱ्या पेशींशी संबंध आधी माहीत होता, नावही तिथूनच आलं. हिमोग्लोबिनशी त्याचं नातं असेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. २००७ मध्ये लंडनमधल्या स्वी ले थेन यांच्या गटाने आणि २००८ मध्ये सार्डिनिया बेटावरच्या लोकांचा अभ्यास करणाऱ्या गटाने एकच प्रश्न विचारला: काही निरोगी माणसांत एचबीएफ इतरांपेक्षा जास्त का? हजारो ठिकाणची अक्षरं तपासल्यावर बोट पडलं ते दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११एवर. त्याच वर्षी बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी मानवी पेशींत हे प्रथिन कमी करून पाहिलं आणि एचबीएफ वाढलं. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या तांबड्या पेशींतून ते काढून टाकलं, तर उंदरांचा आजार आटोक्यात आला.

इथे कुणालाही वाटेल, मग द्या एक गोळी आणि बंद करा हे प्रथिन. पण असं थेट करता येत नाही, आणि याची कारणं सावकाश समजून घेण्यासारखी आहेत. वर्तमानपत्रात ‘अमुक आजाराचं प्रथिन सापडलं’ अशी बातमी येते आणि पुढे काहीच घडत नाही, त्याचं उत्तर यात आहे.

पहिलं कारण रचनेचं. आपण घेतो त्या बहुतेक गोळ्यांचे रेणू लहान असतात. त्यांना प्रथिनाच्या अंगावर घट्ट बसायला एखादी खोलगट जागा लागते. एन्झाइमांमध्ये ती असते, कारण त्यांचं कामच एखादा रेणू आत घेऊन त्यावर प्रक्रिया करण्याचं. बीसीएल११ए असलं काही करत नाही. ते जस्ताच्या आधाराने वळलेल्या बोटांसारख्या भागांनी डीएनए धरतं आणि इतर प्रथिनांना सोबत बोलावतं. सपाट, पसरट पृष्ठभाग, औषधाच्या रेणूने धरायचं कुठे? अशा प्रथिनांना औषधशास्त्रात बराच काळ ‘हाताशी न येणारी’ म्हणून सोडून दिलं जात होतं.

दुसरं कारण जास्त गंभीर. हेच प्रथिन पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराला लागतं आणि मेंदूच्या वाढीलाही लागतं. काही मुलं या जनुकाची एकच चालू प्रत घेऊन जन्मतात. त्यांच्यात एचबीएफ जास्त असतं, ते ठीक, पण बुद्धीची आणि बोलण्याची वाढ मागे राहते. म्हणजे प्रथिन अख्ख्या शरीरात बंद पाडणं हा उपचारच नव्हे. ते फक्त तांबड्या पेशी जिथे बनतात तिथेच बंद व्हायला हवं, बाकी ठिकाणी सुखाने चालू राहायला हवं.

वाट सापडली २०१३ मध्ये. डॅनियल बाउर आणि ऑर्किन यांच्या गटाला बीसीएल११एच्या जनुकातच, त्याच्या सुरुवातीपासून सुमारे ५८ हजार अक्षरं पुढे, एक छोटा तुकडा दिसला. प्रथिन कसं बनवायचं हे त्या तुकड्यात लिहिलेलं नाही. ते तांबड्या पेशीत जोराने बनव, एवढाच आदेश तिथे आहे. मेंदूतल्या पेशींना या तुकड्याशी घेणं नाही. तो मोडला तर फक्त तांबड्या पेशींच्या कुळात बीसीएल११ए कमी होतं. निसर्गानेही काही माणसांत याच भागातली अक्षरं थोडी बदललेली होती आणि ती माणसं धडधाकट होती. लक्ष्य सुरक्षित आहे याचा याहून चांगला पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला असता?

त्यावरच उभा राहिला कॅसजेव्ही हा उपचार. रुग्णाच्या रक्तातून रक्त बनवणाऱ्या मूळपेशी गोळा करायच्या, प्रयोगशाळेत क्रिस्पर नावाच्या, जनुक कापणाऱ्या कात्रीने तो तुकडा कापायचा आणि पेशी परत द्यायच्या. ज्या क्रिस्परसाठी शार्पेंतिये आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं, तेच हे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी त्याला परवानगी दिली. चाचणीत पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर एकही मोठा क्रायसिस आला नाही. एचबीएफ एकूण हिमोग्लोबिनच्या ४० टक्क्यांच्या आसपास गेलं. हा आकडा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो, हे कबूल करतो.

मग किंमत वाचली. २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर, एका माणसाला. आणि पैशाचं बाजूला ठेवलं तरी उपचार सोपा नाही. कापलेल्या पेशींना जागा व्हावी म्हणून आधी जुनी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, बुसल्फान या कडक औषधाने रिकामी करावी लागते. केस जातात, तोंड येतं, संसर्गाचा धोका असतो, पुढे मूल न होण्याचीही शक्यता असते. महिना-दीड महिना दवाखान्यात राहायचं आणि तेही अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोय असलेल्या. मोलगीहून नंदुरबारला यायचं म्हटलं तरी घाट उतरावा लागतो, तिथून पुढे सुरत नाहीतर मुंबई. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेने स्वतःच्या क्रिस्परवर आधारलेला स्वस्त उपचार पुढे आणला आहे. २०२५ मध्ये त्याला बिरसा मुंडांच्या नावावरून ‘बिरसा १०१’ असं नाव दिलं. तो यशस्वी व्हावा असं मनापासून वाटतं. तरी अस्थिमज्जा रिकामी करण्याचा टप्पा या जातीच्या उपचारात स्वस्त झाला म्हणून सुसह्य होत नाही.

म्हणून आपल्या भागासाठी खरा प्रश्न गोळीचा आहे. एक गोळी आजही आहे, हायड्रॉक्सीयुरिया. १९९५ च्या मोठ्या चाचणीत तिने मोठ्या रुग्णांचे क्रायसिस जवळपास निम्म्यावर आणले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत तिला सिकलसेलसाठी परवानगी मिळाली. तीही एचबीएफ वाढवते, पण आडमार्गाने, मज्जेवर ताण आणून. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रोज घ्यावी लागते, ठरावीक काळाने रक्तातल्या पेशी मोजून घ्याव्या लागतात कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. इथेच घोळ होतो. माणूस ऊसतोडीला परराज्यात गेला की गोळ्या संपतात, पेशी मोजायच्या राहतात आणि होळीला परतल्यावर घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. सिकलसेलग्रस्ताला एसटीचा प्रवास फुकट आहे, २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वातही धरला आहे. पण फडातून सुट्टी कोण देणार?

तपासणीतही हेच एचबीएफ आडवं येतं. आश्रमशाळेत शिबिर लागलं की बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात. पाच-सात मिनिटांनी ती नळी काळ्या रेघा असलेल्या कागदासमोर धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक की ग्रस्त हे या नळीतून कळत नाही, त्यासाठी पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावी लागते. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर ही नळी विश्वासाची नाही. त्याच्या रक्तात अजून गॅमाचंच राज्य असतं, रेघा स्वच्छ दिसतात आणि घरचे निर्धास्त होतात. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेने शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं आहे. त्यात तान्ह्या बाळाचा ‘निरोगी’ अहवाल कोणत्या चाचणीचा आहे, हे विचारून घ्या.

आता नव्या गोळ्यांचं. थेट हिमोग्लोबिनला धरणारं व्हॉक्सेलोटर नावाचं औषध २०१९ मध्ये आलं. २०२४ मध्ये कंपनीनेच ते जगभरातून मागे घेतलं, कारण धोक्याचं पारडं जड दिसू लागलं. बिघडलेल्या प्रथिनावर थेट औषध द्यायची ही वाट तिथे अडखळली आणि पाटकऱ्याकडची वाट जास्त महत्त्वाची झाली. एक गोळी सध्या माणसांवरच्या चाचणीत आहे. ती बीसीएल११एला धरत नाही, जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन अडवते, आणि परिणामी बीसीएल११ए कमी होतं. दुसरी वाट जास्त नवी आहे. औषधाचा रेणू नको असलेल्या प्रथिनाला पेशीच्या कचरा-व्यवस्थेशी चिकटवून देतो आणि पेशी स्वतःच ते फोडून टाकते. यासाठी खोलगट जागा लागत नाही, नुसतं चिकटलं तरी चालतं. २०२४ मध्ये याच पद्धतीने गॅमाला दाबणारं विझ नावाचं दुसरं एक प्रथिन फोडून माकडांमध्ये एचबीएफ वाढवून दाखवलं गेलं.

मेंदूचा प्रश्न मात्र गोळीपुढेही उभाच आहे. कॅसजेव्हीत क्रिस्परची कात्री फक्त बाहेर काढलेल्या पेशींवर चालते, गोळी सगळ्या अंगात फिरते. किती प्रमाणात, किती वर्षं, कोणत्या वयापासून ती सुरक्षित हे चाचण्यांतच ठरेल. चिकटवून फोडण्याची ही विद्या ज्या औषधांपासून शिकली गेली ती थॅलिडोमाइडच्या कुळातली आहेत. त्यांतल्या पोमॅलिडोमाइडने बीसीएल११ए कमी होऊन एचबीएफ वाढतं, हे २०१६ मध्येच दिसलं होतं. पण थॅलिडोमाइडने साठच्या दशकाच्या सुरुवातीला गर्भातल्या बाळांना कसं जन्मभराचं व्यंग दिलं ते सगळ्या जगाने पाहिलं आहे. गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या बाईला या कुळातलं औषध फार कडक अटींवरच देतात, दर महिन्याला गर्भचाचणी करून. आपल्याकडे क्रायसिसने आडवी होणारी रुग्ण पुष्कळदा अठरा-वीस वर्षांची लग्न झालेली मुलगी असते. तिची रक्ताची साधी मोजणीही ऊसतोडीमुळे चुकते. त्यामुळे सातपुड्यात चालेल अशी गोळी हवी असेल तर ती बीसीएल११एला कमी करते का, इतकंच बघून भागणार नाही. गर्भाला अपाय करत नाही आणि महिनोन् महिने तपासणी हुकली तरी धोक्याची ठरत नाही, हेही तिला सिद्ध करावं लागेल. अशी गोळी अजून बाजारात नाही.